न पडणारा अडथळा

अहिल्यानगरहून बीडच्या रस्त्याला लागलं की आष्टीच्या अलीकडे कडा येतं. आष्टी तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. कांद्याच्या गोण्यांनी भरलेले टेम्पो, बी-बियाण्यांची दुकानं, अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या शाळेत आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येणारी मुलं, आणि सप्टेंबर २०२२मध्ये आष्टीपर्यंत धावू लागलेली रेल्वे. वाटेवरच्या प्रवाशाला हे मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या गावासारखंच वाटेल. पण कठीण काळात माणूस कशाच्या आधारावर उभा राहतो हे समजून घ्यायचं असेल, तर या पंचक्रोशीइतकी योग्य जागा मला दुसरी सुचत नाही.

सह्याद्रीने अडवलेल्या ढगांचं उरलंसुरलं पाणी या भागाच्या वाट्याला येतं. बीड जिल्ह्याची पावसाची वार्षिक सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास सांगितली जाते. पण शेतकऱ्याला सरासरीवर पेरता येत नाही. जूनमधल्या दोन पावसांवर पेरणी होते, मग महिनाभर आभाळ कोरडं, दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाणं आणि पुन्हा उधारी. १९७२चा दुष्काळ आजोबांच्या तोंडून ऐकलेला. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९चे दुष्काळ आज विशी-तिशीत असलेल्यांनी स्वतः पाहिलेले. जनावरं जगवण्यासाठी माणसं चारा छावणीत मुक्कामाला गेली, तिथेच चूल मांडली आणि तिथेच महिने काढले.

स्थलांतर तर दुष्काळाची वाट पाहत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा मुकादम दारात येतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, कधी लग्नासाठी, कधी दवाखान्यासाठी, कधी मागच्या हंगामातली बाकी फेडण्यासाठी. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघांपैकी एकाने खाडा केला तरी पैसे दोघांचे कापले जातात. पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर पोहोचायचं, राहायला कोपी उभी करायची, पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. गाव पुन्हा भरतं ते गुढीपाडव्याच्या आगेमागे, कधी त्याहूनही उशिरा.

अशा मुलखात संकट म्हणजे सुरळीत चाललेल्या आयुष्यात मध्येच पडलेला खंड नसतो. ते कॅलेंडरवर असतं. त्यामुळे 'मन घट्ट करा', 'खंबीर व्हा', 'सकारात्मक राहा' हे सल्ले इथे फार तोकडे पडतात. सांगणाऱ्याची कळकळ खरी असते, पण सगळं काम तो नेमकं त्याच माणसावर टाकून मोकळा होतो, ज्याच्याजवळ या घडीला सगळ्यांत कमी बळ उरलेलं आहे. कणखरपणा काहींना जन्मतः मिळतो आणि काहींना मिळत नाही, अशी आपली एक समजूत आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या अभ्यासाने ती बरीच मोडीत काढली आहे. तो अभ्यास सुरू झाला ते ठिकाण मात्र कड्याच्या माणसाला ओळखीचं वाटेल असं आहे.

हवाई बेटांपैकी काउआई हे एक छोटं बेट. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी घेतला, तो थेट ती मुलं चाळिशीला येईपर्यंत. त्या काळी बेटावरचं मोठं पीक ऊस. जपान, फिलिपीन्स अशा दूरच्या देशांतून मळ्यांवर मजुरीला आलेल्यांचे वंशज आणि मूळचे हवाईयन लोक यांची ही मुलं. अनेकांचे वडील मळ्यांत राबणारे. जगभरच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा सांगितला जाणारा हा अभ्यास उसाच्या मुलखात झाला, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

त्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला लहानपणीच एकाहून जास्त संकटं आली होती: गरिबी, अवघड बाळंतपण, घरात दारू, आई किंवा वडिलांचा मानसिक आजार, रोजची भांडणं. यातल्या दर तीन मुलांपैकी दोघांना पुढे शिकण्यात, वागण्यात, तब्येतीत अडचणी आल्याच. हे आधी स्वीकारलं पाहिजे. संकटं माणसाला घडवतात असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. पण उरलेलं तिसरं मूल धडधाकट, कामसू, दुसऱ्याला जीव लावणारं माणूस झालं. वर्नर यांनी विचारलं: या तिसऱ्या मुलाजवळ काय होतं?

उत्तरं साधी निघाली. त्याच्या आयुष्यात किमान एक मोठं माणूस असं होतं, जे त्याला कधी अंतर देत नव्हतं. ते आई-वडीलच असायला हवेत असं नाही. आजी असेल, मावशी असेल, शेजारीण असेल, एखादे गुरुजी असतील. दुसरं, घरात त्याच्यावर काहीतरी काम सोपवलेलं होतं आणि ते काम खरोखर गरजेचं होतं, म्हणजे आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं हे त्याला कळत होतं. तिसरं, एखादी गोष्ट त्याला बऱ्यापैकी जमत होती आणि तिच्यात ते रमत होतं. पुढे ॲन मास्टेन या अमेरिकन अभ्यासकांनी २००१ साली अशा सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं: कणखरपणा घडतो तो अगदी सामान्य गोष्टींतून, आणि या सामान्य गोष्टी मोडल्या की तोही मोडतो.

कड्याच्या आसपासच्या वाड्यांवर हंगामात फेरी मारली तर यातली पहिली गोष्ट जागोजाग दिसते. आई-बाप फडावर, आणि घरात आजी. नातवंडांना शाळेत धाडणारी, तापात रात्रभर उशाशी बसणारी, फोनवर आईशी बोलणं करून देणारी आजी ही या भागातली सगळ्यांत मोठी बालकल्याण संस्था आहे, असं मी पूर्ण विचाराने म्हणतो. ज्या घरात आजी नाही तिथल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली, आणि बीड जिल्ह्यातल्याच शिरूर कासार तालुक्यात आर्वी इथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी 'शांतिवन' उभं केलं. तिथे ऊसतोड कामगारांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं शिकतात. अशा ठिकाणी जेवण, निवारा आणि शाळा यांच्याइतकंच मोलाचं असतं ते रोज तेच माणूस समोर असणं. दर दोन महिन्यांनी बदलणारा प्रेमळ कर्मचारी, कमी बोलणाऱ्या पण कायम हजर असणाऱ्या बाईंची जागा घेऊ शकत नाही.

दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र सावध राहायला हवं. काम सोपवलं की मूल घडतं, हे वाचून कुणी कोपीत धाकट्या भावाला सांभाळणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीकडे कौतुकाने बोट दाखवू नये. तिची शाळा सुटलेली आहे. तिच्या मागे मोठं माणूस नाही. वर्नर सांगतात ती जबाबदारी वयाला पेलणारी, आणि चुकलं तर सावरून घेणारं कुणी जवळ आहे अशी. ओझं आणि जबाबदारी यांच्यातला हा फरक मुलांच्या बाबतीत आपण फार वेळा विसरतो.

काउआईच्या अभ्यासातला मला सगळ्यांत दिलासा देणारा भाग आणखी पुढचा आहे. अठराव्या वर्षी जी मुलं वाया गेली असं सगळ्यांना वाटत होतं, त्यांच्यातली बरीचशी तिशी-चाळिशीत सावरलेली आढळली. कशामुळे? कुणाला पुन्हा शिकायची संधी मिळाली, कुणाला चांगला जोडीदार, कुणाला श्रद्धेने बांधलेला एक समूह. आणि बऱ्याच जणांना लष्करातली नोकरी. म्हणजे दुसरी संधी. ती वेळेवर समोर आली आणि माणसाने ती धरली.

याच आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे आज सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्याचा जन्म १३ सप्टेंबर १९९४चा, घर शेतकऱ्याचं. गावातून शाळेला जायला वाहन नव्हतं, म्हणून लहानपणी रोज सहा-सात किलोमीटर चालत किंवा पळत जाणं आलं. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. सियाचीनची थंडी, राजस्थानचं वाळवंट, सिक्कीम असा फिरला. धावपटू म्हणून त्याचं घडणं सुरू झालं ते या नोकरीत, २०१५च्या सुमारास, म्हणजे विशी ओलांडल्यावर. एवढ्या उशिरा सुरुवात करून जागतिक पातळीवर पोहोचणारे खेळाडू थोडे. शाळेच्या वाटेवरच्या पळण्याला जोड मिळाली ती लष्कराच्या शिस्तीची, आहाराची, प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या नजरेची. 'गरिबीतून जिद्दीने वर आला' या एका वाक्यात त्याची गोष्ट उरकणारे या मधल्या सगळ्या आधारांना वगळतात. मग वाचणाऱ्या मुलाला वाटतं, आपल्यात तेवढी जिद्द नाही. खरं तर त्याला अजून ते प्रशिक्षक भेटलेले नसतात.

त्याचा खेळ ३,००० मीटर स्टीपलचेस. साध्या अडथळ्यांच्या शर्यतीत पाय लागला की अडथळा कोसळतो आणि धावणारा पुढे जातो. स्टीपलचेसमधला अडथळा पडत नाही. पुरुषांसाठी त्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, वजन ऐंशी किलोंच्या पुढे, लाकूड जाड. असे २८ अडथळे आणि शिवाय सात पाण्याच्या उड्या. पाण्याच्या खड्ड्यापुढच्या अडथळ्यावर बरेच धावपटू पाय ठेवून झेप घेतात, उतारावरच्या उथळ पाण्यात उतरतात आणि ओल्या बुटांनी पळत राहतात. दमलेल्या पायांनी शेवटच्या फेरीत हे करताना अंतराचा अंदाज इंचभर चुकला तरी माणूस आपटतो.

जिंकल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. त्यांच्या मधल्या जागा पाहाव्यात. २०१८ साली दुखापतीमुळे साबळेची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ नोंदवून गोपाल सैनी यांचा १९८१पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम सुधारूनही तो अंतिम फेरीत पोहोचला नाही. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद आणि रौप्यपदक. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदाने. १९९८ ते २०१८ या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच्या धावपटूंनी नेली होती, एवढं सांगितलं की त्या रौप्याचं वजन कळतं. २०२३च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीतच बाद, आणि १ ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जुलै २०२४मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंद, पुढच्याच महिन्यात तिथल्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत धावलेला तो पहिला भारतीय पुरुष. (स्त्रियांमध्ये हा मान २०१६ साली ललिता बाबर यांनी मिळवला होता, त्याही दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या.) मग जुलै २०२५मध्ये मोनॅकोला पाण्याच्या उडीपाशी गुडघा दुखावला, अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली.

या सगळ्यात मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो २०१९चा दोहातला प्रसंग. जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंच्या पडण्या-अडखळण्यात साबळे सापडला, त्याची लय तुटली आणि तो बाद ठरला. भारतीय पथकाने दाद मागितली. चित्रफीत पाहून निकाल बदलला गेला आणि त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली. तिथे त्याने ८ मिनिटे २१.३७ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला आणि ऑलिंपिकची पात्रता मिळवली. त्या दिवशी 'नशिबात नव्हतं' म्हणून गप्प बसणं हेच मनाच्या मोठेपणाचं लक्षण मानलं गेलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सोसणं आणि तग धरणं यांची आपल्याकडे फार गल्लत होते, आणि तिची किंमत बहुतेक वेळा बाईच्या शरीराने मोजली जाते. २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं एकमेकांत गुंतलेली होती. फडावर पाणी नाही, संडास नाही. पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या. खाडा परवडत नाही. आणि अंगावरून जाणं किंवा पोटदुखी घेऊन दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायचा सल्ला. या स्त्रिया शस्त्रक्रियेनंतर पुन्हा फडात उतरल्या. त्यांच्या कणखरपणाचे गोडवे गायला माझी जीभ धजत नाही. त्यांना हवा होता तो संडास, पगारी रजा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत आणि उचलीच्या व्यवहारावर कायद्याची नजर. जो अडथळा माणसांनी उभा केलेला आहे, तो ओलांडायला शिकवण्याआधी तो हलवता येतो का, हे पाहिलं पाहिजे.

तरीही काही अडथळे हलत नाहीत. पाऊस येत नाही, माणूस मरतं, बोअर आटते. अशा वेळी मनाच्या आत काय करता येतं, याबद्दल आता बरीच खात्रीलायक माहिती आहे.

पहिली गोष्ट शोकाबद्दल. कोलंबिया विद्यापीठातले जॉर्ज बोनानो यांनी जवळचं माणूस गमावलेल्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं की बहुतेक माणसं दुःखातही रोजचे व्यवहार सांभाळतात, मधूनच हसतात, पुन्हा रडतात, आणि हळूहळू सावरतात. त्यांनी दुःख दाबून ठेवलंय असा याचा अर्थ होत नाही. आपल्या गावांत मात्र नवरा गेलेली बाई महिन्याभरात कुणाच्या बोलण्यावर हसली तर चार जणी कुजबुजतात. त्या हसण्यावरच तिचा पुढचा दिवस उभा असतो. उलट, संकटातून नुकत्याच बाहेर आलेल्याला एकदाच बसवून 'सगळं सांग, मन मोकळं कर' असा आग्रह धरणं उपयोगी पडत नाही, काहींना त्याचा त्रासच होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली तेव्हा तिच्यात साधा क्रम दिला: काय गरज आहे ते बघा, बोलायचं असेल तर ऐका, आणि योग्य मदतीशी गाठ घालून द्या. आधी चहा-पाणी, पांघरूण, घरच्यांचा फोन. बोलणं माणसाच्या इच्छेवर.

शोकात हाताला गरजेचं काम मिळालं की काय होतं, हे मराठवाड्याने पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात आठ हजारांच्या जवळपास माणसं गेली. पुढच्या पुनर्वसनात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहाय्यक' झाल्या. घराचं बांधकाम कसं करायचं, अनुदानाचा हप्ता कुठे अडला, हे लोकांना समजावून सांगायचं आणि लोकांचं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. ज्या भागात घरं आणि घरातली माणसं गेली, त्याच भागातल्या या बायका गावाच्या गरजेच्या झाल्या. काउआईच्या मुलांना जे सावरत होतं, तेच इथे मोठ्यांच्या बाबतीत घडलं: माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं.

दुसरी गोष्ट विचारांच्या चक्राबद्दल. रात्री अंथरुणावर पडलं की डोक्यात तेच ते फिरत राहतं. कर्ज, पोरीचं लग्न, बोअर, पुन्हा कर्ज. हे चक्र थांबवायची एक साधी रीत झिंबाब्वेत सापडली. तिथे डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. तिथेही मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २००६ साली हरारेत त्यांनी आरोग्यसेविका असलेल्या आज्यांना प्रशिक्षण दिलं आणि दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक बाक मांडला. आजी बाकावर बसते, त्रासलेला माणूस शेजारी बसतो, आणि सहा भेटींत त्याच्या अडचणी एकेक करून हाताळल्या जातात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर या बाकावर बसलेल्यांचं नैराश्य आणि काळजी नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा बरीच कमी आढळली. आज्यांची वानवा आपल्याकडे नाही.

त्या बाकावर जे केलं जातं ते घरीही करता येतं. समजा, एका घरात बोअर आटली आहे, सोसायटीचं कर्ज थकलं आहे, दागिने गहाण आहेत, मुलीची फी भरायची आहे आणि सासऱ्यांना मोतीबिंदूमुळे दिसत नाही. हे सगळं डोक्यात एकदम येतं तेव्हा त्याचा एकच गोळा होतो आणि माणूस हतबल होतो. म्हणून ते कागदावर उतरवायचं. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्यायचं. मग पाचांतलं असं एक निवडायचं, ज्याच्यावर या आठवड्यात काही हालचाल करता येईल. सगळ्यांत मोठं निवडायचा मोह आवरायचा. इथे ते मोतीबिंदू आहे, कारण ती शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. आता पहिलं पाऊल इतकं छोटं हवं की ते उद्याच टाकता येईल: डोळ्यांची तपासणी कोणत्या वारी असते हे विचारून येणं. जायचं कुणी, कधी, सोबत कोण, हेही ठरवून टाकायचं. पुढच्या आठवड्यात काय झालं ते पाहायचं आणि पुढचं पाऊल ठरवायचं. कर्ज जागच्या जागी असतं. पण सासरे स्वतःच्या पायांनी अंगणात फिरू लागतात, सुनेचे दोन तास मोकळे होतात, आणि आपल्या हातून काही घडतं ही जाणीव घरात परत येते. कर्जाबद्दल सोसायटीत जाऊन बोलायला लागणारं बळ त्या जाणिवेतून येतं.

याला लागूनच एक गोष्ट आहे. मन लागत नाही म्हणून माणूस कामं सोडतो, पारावर जाणं सोडतो, दूध घालायला पोराला धाडतो; आणि ही सगळी कामं सुटली की मन आणखी खचतं. इथे मन ताळ्यावर येण्याची वाट पाहायची नसते. दूध घालायला स्वतः जायचं, गावात हरिनाम सप्ताह बसला असेल तर पंगतीत वाढायला उभं राहायचं. बरं वाटणं मागून येतं, बऱ्याचदा उशिराने. आणि दारू यातल्या प्रत्येक गोष्टीच्या आड येते: झोप लवकर लागते पण तुटक लागते, पहाटे जाग येते तेव्हा काळजी दुप्पट झालेली असते, आणि घरातलं भरवशाचं माणूस सगळ्यांत आधी दुरावतं.

कधी कधी हे सारं पुरत नाही. सलग दोन आठवडे मन उदास, भूक-झोप गेलेली, कशातच राम वाटत नाही, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला जातोय, तेव्हा तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्य ओळखायला शिकवलं, आधार दिला, आणि गरज असेल त्यांना डॉक्टरांपर्यंत नेलं. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. पाऊस किंवा भाव या प्रकल्पाच्या हातात नव्हते.

मराठवाड्यात २०२३ या एका वर्षात एक हजारावर शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक बीड जिल्ह्यातल्या होत्या. म्हणून शेतकरी घरांसाठी आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. जीव देण्याची ऊर्मी अनेकदा थोडा वेळच टिकते. ती ओसरेपर्यंत घातक वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक जण पुढे जगतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, तेव्हा दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. फवारणीचं औषध घरात माळ्यावर किंवा गोठ्यात उघडं ठेवू नये. लागेल तेवढंच आणावं, उरलेलं कुलपात ठेवावं, आणि घरात कुणी खचलेलं असेल तर किल्ली दुसऱ्याकडे असावी. त्याच्याशी थेट बोलावं. 'जीव द्यावासा वाटतो का' असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलू लागतो. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, दिवस-रात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

कड्याच्या परिसरात हे सगळं कुठून सुरू करता येईल, याचं माझं उत्तर शाळा हे आहे. दसऱ्याच्या सुट्टीआधी प्रत्येक वर्गशिक्षकाने एक वही करावी आणि ज्या मुलांचे आई-वडील कारखान्यावर जाणार आहेत त्या प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं एकटं बोलावं. त्याचं नाव लिहावं, आणि नावापुढे त्याच्याच तोंडून आलेली उत्तरं: घरी कोण राहणार, रात्री पोट दुखलं तर कुणाला हाक मारशील, आईचा फोन कुणाच्या मोबाइलवर येतो, घरात तुझ्याकडे कोणतं काम आहे, तुला सगळ्यांत चांगलं काय येतं. ज्या मुलाच्या नावापुढचा 'कुणाला हाक मारशील' हा रकाना कोरा राहील, त्याच्यासाठी दिवाळीच्या आत गावातलं एक माणूस शोधावं. आशाताई, अंगणवाडीच्या मदतनीस, वस्तीवरची एखादी आजी, वरच्या वर्गातला समजूतदार मुलगा, कुणीही. शोधलेल्या माणसाचं नाव त्या रकान्यात लिहावं, आणि ते त्या मुलालाही सांगावं.